ऑपरेशनच्या बॅगेतला सोलापुरी टॉवेल आणि घरी परत पाठवलेली चादर

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरातच एका खाजगी रुग्णालयात माझे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले. फायब्रॉइडच्या गाठी बऱ्याच मोठ्या झाल्यामुळे दुर्बिणीतून न करता पोट उघडूनच शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. तारीख बारा दिवस अगोदर ठरली होती, त्यामुळे बरोबर काय न्यायचे याचा विचार करायला मला पुरेसा वेळ मिळाला. तरीही रुग्णालयात काढलेल्या सहा दिवसांत बॅगेतल्या निम्म्या वस्तू चेन उघडूनही बाहेर आल्या नाहीत, आणि ज्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते अशा एक-दोन वस्तूंनी मला अक्षरशः सांभाळले. त्यांपैकी दोन वस्तूंबद्दल मी इथे सविस्तर लिहिणार आहे. एक आपला टेरी टॉवेल आणि दुसरी आपली चादर. सोलापूरच्या कोणत्याही घरातून माणूस दवाखान्यात निघाला की या दोन गोष्टी न विचारता बॅगेत पडतात, आणि म्हणूनच त्यांचा तिथे नेमका काय उपयोग होतो आणि काय होत नाही, हे कोणीतरी नीट सांगायला हवे असे मला वाटते. माझे मत आधीच सांगते: मोठ्या ऑपरेशनच्या पेशंटसाठी टॉवेल हवाच, आणि एक नव्हे तर तीन हवेत. चादर मात्र पेशंटसाठी नेऊ नये, ती पेशंटजवळ राहणाऱ्या माणसासाठी न्यावी.

खरेदी सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत केली. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणाई खात्यात होते. ती मिल बंद पडून कित्येक वर्षे झाली, पण कापड हातात घेतल्यावर आधी काय बघायचे हे त्यांनी आम्हा भावंडांना लहानपणीच शिकवले होते. टॉवेलच्या बाबतीत ते म्हणायचे की घडीच्या वजनावर जाऊ नये, कारण वजन खळीनेही येते. टॉवेल उलगडून उजेडासमोर धरावा, विणीतून उजेड आरपार दिसला तर तो ठेवून द्यावा. साध्या कापडाला एक ताणा, म्हणजे उभे धागे, आणि एक बाणा, म्हणजे आडवे धागे, पुरतात. टेरी टॉवेलला मात्र ताणे दोन लागतात, एक घट्ट ताणलेला, कापडाचा पाया धरणारा, आणि दुसरा सैल सोडलेला. मागावर बाण्याचे दोन धागे थोडे मागे राखून टाकतात आणि तिसरा धागा पडला की तिन्ही एकदम पुढे ठोकतात. त्या ठोक्याबरोबर सैल ताण्याचे सूत वर उचलले जाते आणि त्याचे छोटे छोटे फास कापडाच्या दोन्ही अंगांना उभे राहतात. पाणी टिपण्याचे काम हे फास करतात. पाया विरळ असला, तर दोन-चार धुण्यांत फास ओढले जाऊन लांब दोरे लोंबू लागतात, आणि ज्या माणसाच्या हाताला सलाईनची सुई आणि अंगाला दोन नळ्या लावलेल्या आहेत, त्याच्यासाठी असा लोंबणारा दोरा केवळ गैरसोयीचा राहत नाही, तो नळीत अडकतो.

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाची कायदेशीर नोंद, मिळालेले आहे. तरीसुद्धा बाहेरच्या गावांत पानिपतकडचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, ही इथल्या यंत्रमागवाल्यांची जुनी तक्रार आहे. आपण गावातच राहत असल्यामुळे तो धोका कमी, पण म्हणून गावातला प्रत्येक टॉवेल चांगला असतो असे मुळीच नाही. मी तीन मोठे टॉवेल घेतले, ३० इंच रुंद आणि ६० इंच लांब, एक मोतिया रंगाचा, एक फिकट निळा आणि एक गडद मरून. शिवाय त्याच विणीचे चार छोटे नॅपकिन घेतले. मोठा टॉवेल २४० रुपयांना एक पडला. मरून रंग मी मुद्दाम निवडला होता; ऑपरेशननंतर डाग पडले तर दिसू नयेत, इतकाच त्यामागचा विचार होता. हा विचार दोन कारणांनी चुकला, आणि दोन्ही कारणे सांगण्यासारखी आहेत.

पहिले कारण रंगाचे. तिन्ही टॉवेल वेगवेगळ्या बादल्यांत भिजवले, म्हणून बाकीचे वाचले. मरून टॉवेलच्या बादलीतले पाणी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या धुण्यालाही बिटाच्या रसासारखे निघत होते. पहिल्या धुण्याला गडद रंगाचे थोडे पाणी जाणे मी समजू शकते, पण तिसऱ्या वेळीही ओला टॉवेल पांढऱ्या कापडावर दाबल्यावर डाग उमटला, तेव्हा तो अंगाला लावण्याच्या लायकीचा नाही हे ठरले. मी तो पावतीसह दुकानात परत नेला. पाण्यात पडलेला माल बदलून मिळत नाही, असे उत्तर मिळाले. पाण्यात घातल्याशिवाय रंगाचा कच्चेपणा ग्राहकाला कळणार कसा, हे मी शांतपणे विचारले, त्यावर दुकानदारांनी माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिले. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण बाकीचे दोन टॉवेल मी तिथूनच घेतले होते आणि त्यांच्याबद्दल माझी मोठी तक्रार नाही. दुसरे कारण मला रुग्णालयात गेल्यावर सिस्टरनी समजावले. ऑपरेशननंतर किती रक्त जाते आहे, ड्रेसिंग ओले होते आहे का, याच्यावर त्यांना लक्ष ठेवायचे असते, आणि गडद कापडावर ते दिसत नाही. डाग लपणे ही घरात सोय असते, वॉर्डात ती अडचण ठरते. म्हणून टॉवेल, गाऊन आणि आतले कपडे, सर्व फिकट रंगाचे असावेत.

नवा टॉवेल धुतल्याशिवाय रुग्णालयात नेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. नव्या टॉवेलवर खळ आणि मऊपणासाठी वापरलेल्या रसायनाचा थर असतो, त्यामुळे तो हाताला गुळगुळीत लागतो पण पाणी टिपत नाही, नुसते पसरवतो. शिवाय नव्या टॉवेलाचे तंतू गळतात आणि ते ओल्या अंगाला चिकटून बसतात. साध्या साबणाने तीन वेळा धुऊन उन्हात वाळवल्यावर मोतिया टॉवेलाचे फास मोकळे झाले आणि तो खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. कपड्यांना मऊपणा आणणारे सुगंधी द्रावण टॉवेलाला लावू नये, त्याने तोच थर पुन्हा चढतो. मे महिन्यातले सोलापूरचे ऊन याबाबतीत उपकारक आहे. सकाळी दहाला गच्चीवर टाकलेला टॉवेल साडेअकरापर्यंत पापडासारखा कडक वाळत होता. तो कडकपणा झटकून आणि हाताने चोळून काढावा लागतो, हे मात्र खरे.

टॉवेलाचा पहिला उपयोग ऑपरेशनच्या आधीच झाला. आदल्या रात्री आणि त्या दिवशी पहाटे अशा दोन वेळा जंतुनाशक द्रावणाने आंघोळ करायची होती, आणि प्रत्येक आंघोळीनंतर धुतलेला, दुसऱ्या कोणी न वापरलेला स्वच्छ टॉवेलच वापरायचा, त्यानंतर अंगाला तेल, पावडर, क्रीम काहीही लावायचे नाही, असे मला सांगण्यात आले होते. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधीच दोन मोठे टॉवेल लागले. जे लोक घरातला रोजचा एक टॉवेल घेऊन येतात त्यांची अडचण इथेच सुरू होते, कारण पहाटे चारला रुग्णालयाच्या न्हाणीघरात आदल्या रात्रीचा दमट टॉवेल हातात घेऊन ती सूचना पाळता येत नाही.

आता चादरीबद्दल. आमच्याकडची चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, दोन्ही अंगांना नक्षी असलेली, लाल-काळ्या रंगाची, घरात आठ वर्षे वापरून मऊ झालेली होती. तिच्याबद्दल माझ्या मनात केवळ आदर आहे. बाहेर ४३ अंश तापमान असताना चादर कशाला, असे घरात कोणी म्हणालेही, पण वातानुकूलित खोलीत गारठा असणार हे मला ठाऊक होते आणि तो अंदाज बरोबरही ठरला. भुलीचा अंमल उतरताना दातावर दात वाजत होते. वन्सं त्या वेळी जवळ होत्या, त्यांनी लगेच चादर उलगडून माझ्या अंगावर घातली. त्या क्षणी मला ऊब हवी होती, पण बेंबीपासून खाली उभ्या ओळीत टाके घातलेल्या पोटावर ते वजन पडले आणि मी कळवळले. घरी आल्यावर मी ती चादर वजनकाट्यावर ठेवून पाहिली, सव्वा किलोच्या थोडी वर भरली. निरोगी माणसाला या वजनाची झोपेत सोबत वाटते; ताज्या टाक्यांना ते सहन होत नाही. सिस्टरनी चादर काढून रुग्णालयाचे हलके ब्लँकेट घातले आणि पायांकडून ते थोडे उचलून दिले. शिवाय जाड चादरीखाली लघवीची नळी आणि पोटातून बाहेर काढलेली ड्रेनची नळी कुठून जाते आहे हे दिसत नाही, त्यामुळे कूस बदलताना नळी ओढली जाण्याची भीती असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या यजमानांनी चादर घरी नेली.

तिसऱ्या दिवशी तीच चादर पुन्हा आणावी लागली, पण ती वन्संसाठी. पेशंटजवळ राहणाऱ्या माणसाला रुग्णालयात रेक्झिनचा एक अरुंद बाक मिळतो. त्यावर पहिल्या दोन रात्री वन्सं साध्या बेडशीटवर झोपल्या, रेक्झिनला अंग चिकटत होते आणि वरून गार हवा येत होती. सोलापुरी चादर दुहेरी घडी घालून अर्धी खाली आणि अर्धी अंगावर घेतल्यावर त्यांना चार तास सलग झोप लागली. ज्या माणसाने रात्री तीनला उठून आपल्याला पाणी पाजायचे आहे, त्याची झोप ही पेशंटच्याच तब्येतीची बाब आहे. तेव्हा चादर न्यावीच, पण कोणासाठी न्यायची हे आधी ठरवून न्यावी. पेशंटला स्वतःच्या घरचे काही अंगावर हवे असेल, तर वापरून विरळ झालेले सुती लुगडे किंवा धोतर चौपदरी करून न्यावे. हलकेही होते आणि धुवायलाही सोपे जाते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आल्या. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र त्यांनी हातात दिले आणि खोल श्वास घेऊन चेंडू वर उचलायला सांगितले. मोठ्या ऑपरेशननंतर दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, आणि त्यातून छातीत कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून खोकायचेच, पण पोटाला आधार देऊन खोकायचे, असे त्यांनी सांगितले. त्या आधारासाठी उशी वापरतात. माझ्याकडे एकच उशी होती, तीही डोक्याखाली, आणि इतकी लिबलिबीत की पोटाशी धरल्यावर तिचा काही आधार वाटत नव्हता. तेव्हा बाजूच्या कठड्यावर वाळत टाकलेला मोतिया टॉवेल वन्संनी उचलला, लांबीत तीन घड्या घातल्या, मग आडवा दुमडून उशीच्या निम्म्या आकाराचा एक घट्ट चौकोन केला आणि माझ्या हातात दिला. “वहिनी, हा दोन्ही हातांनी दाबून धरा आणि मग खोका,” असे त्या म्हणाल्या. मी तळव्यांनी तो टाक्यांच्या ओळीवर दाबला, डोळे मिटले आणि खोकले. दुखले, पण आतून काहीतरी फाटते आहे अशी जी भीती सकाळपासून बसली होती, ती त्या खोकल्याबरोबर निम्मी झाली. टेरीच्या फासांमुळे घडी घातलेला टॉवेल हातातून निसटत नाही आणि गाऊनवरूनही घसरत नाही. गुळगुळीत अभ्र्याची उशी घसरते. त्यानंतरचे पाच दिवस, शिंक येईल असे वाटले, हसू आले, किंवा उठून बसायचे झाले, की माझा हात आधी त्या चौकोनाकडे जात असे.

त्याच टॉवेलाची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली की पोटाच्या स्नायूंवरचा ताण सैल होतो आणि पाठीवर झोपणे सुसह्य होते. मात्र ही गुंडाळी थोड्या वेळापुरतीच ठेवायची, रात्रभर नाही, कारण गुडघ्यामागे सतत दाब राहिला तर पायातला रक्तप्रवाह मंदावतो आणि मोठ्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. हे मला फिजिओथेरपिस्टनीच सांगितले, आणि म्हणूनच दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उठवून खोलीच्या दारापर्यंत चालवले. उठण्याची पद्धतही त्यांनी दाखवली: सरळ उठून बसायचे नाही, आधी कुशीवर वळायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने गादीला रेटा देऊन बसते व्हायचे. हाताच्या तळव्याखाली टॉवेल असला की गादीवरची पातळ चादर सरकत नाही, एवढी बारीक गोष्ट मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पहिल्या वेळी माझा हात सरकला होता.

नॅपकिनांचा उपयोग स्पंजिंगसाठी झाला. टाके ओले करायचे नव्हते, त्यामुळे आंघोळ नव्हती. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या नॅपकिनाने वन्सं माझी पाठ आणि पाय पुसून देत. चारही नॅपकिन एकाच वेळी फिरतीवर होते. एक तोंडासाठी, दोन अंगासाठी, आणि एक कोरडा उशीवर, घामासाठी. इथे टेरीची एक मर्यादा लक्षात आली. ओला टेरी नॅपकिन पिळायला दमदार मनगट लागते आणि वातानुकूलित खोलीत तो रात्रभरही वाळत नाही. दमट टॉवेलाला वास येतो आणि वॉर्डात असा टॉवेल पेशंटजवळ ठेवूच नये. आमचे घर रुग्णालयापासून जवळ असल्यामुळे रोज सकाळी यजमान ओले टॉवेल पिशवीतून नेत आणि संध्याकाळी उन्हात वाळलेले परत आणत. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून येणाऱ्या पेशंटला ही सोय नसते. त्यांनी अंग पुसण्यासाठी टेरीऐवजी पातळ पंचे न्यावेत, कारण पंचा पंख्याखाली तासाभरात वाळतो. टेरी टॉवेल त्यांनी आधारासाठी आणि कोरड्या वापरासाठी राखावा.

माझ्या शेजारच्या पलंगावर सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एक तेलुगू भाषिक बाई होत्या. वयाने माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणत असे. त्यांचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते आणि त्यांची दोन्ही मुले टॉवेलाच्या मागावर कामाला होती. माझा मोतिया टॉवेल त्यांनी हातात घेतला, काठ बोटांत धरून चोळला, एक फास नखाने हलकेच उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “काठ दुमडून दोन शिलाया घातल्यात, हा टिकतो. माझ्या घरी रोज शेकड्याने होतात, पण दवाखान्यात येताना मुलाने शिवायच्या आधीचाच आणून दिला बघा.” त्यांच्या उशाशी खरोखरच काठ न शिवलेला एक टॉवेल होता आणि त्याच्या दोन्ही टोकांचे सूत सुटत चालले होते. संध्याकाळी वन्संनी माझा दुसरा, निळा टॉवेल त्यांना दिला. घरी जाताना त्यांनी तो परत केला नाही, मीही मागितला नाही, आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या धाकट्या मुलाने आमच्या घरी येऊन दोन नवे टॉवेल दिले. ते मोतिया टॉवेलाहून सरस निघाले. काठाला दोन शिलाया आहेत की नाहीत, हे टॉवेल घेताना बघायचे, ही गोष्ट माझ्या वडिलांनी सांगितली नव्हती. ती मला अक्कांकडून मिळाली.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात लिहिते. पुढून पूर्ण उघडणारे, सैल, सुती गाऊन चार न्यावेत. नाडी असलेले काहीही नेऊ नये. परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी टाक्यांवर बसते आणि सैल बांधली तर चालताना सुटते. घरी जायच्या दिवशी साडी नेसायची म्हणून मी परकर नेला होता, तो तसाच परत आला आणि मी गाऊनवर ओढणी घेऊन घरी गेले. चपला रबरी तळाच्या, पायात सहज सरकणाऱ्या असाव्यात, कारण वाकून पट्टा लावता येत नाही. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात. माझी जोडवी घट्ट होती, ती आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने काढावी लागली, ऑपरेशनच्या दाराशी ती धावपळ नको. नखांना रंग असेल तर काढावा, बोटाला लावतात त्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला तो अडथळा ठरतो. जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड, विम्याचे कार्ड, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर रेशन कार्ड, हे सर्व एका फाइलमध्ये घालून ती फाइल पेशंटच्या बॅगेत न ठेवता सोबतच्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवावी. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते, त्यामुळे इथल्या लोकांना ती नवी नाही; तरीही कागद घरी राहिल्यामुळे परत धावणारी माणसे मी त्या सहा दिवसांत तीन वेळा पाहिली. खाण्याचे काही भरून नेऊ नये. मी शेंगा चटणीची बरणी आणि कडक भाकरी वन्संसाठी नेल्या, त्या त्यांना खरोखर उपयोगी पडल्या, पण पेशंटला सुरुवातीचे दिवस घोटभर पाणी, मग पेज आणि मऊ भात एवढेच मिळते, आणि खोलीभर पसरलेला लसणाचा वास त्या वेळी सोसवत नाही.

टॉवेलाचे दोष मी लपवत नाही. वजन आणि जागा ही त्याची पहिली उणीव. दोन मोठे टॉवेल आणि चार नॅपकिन यांनीच माझी निम्मी बॅग भरली होती. दुसरी उणीव तंतूंची. तीन वेळा धुऊनही निळ्या टॉवेलाचे बारीक तंतू सुटत राहिले, म्हणून ड्रेसिंग बदलताना कोणताही टॉवेल जखमेच्या जवळ येऊ देऊ नये आणि पोटाला आधार देताना तो नेहमी कपड्यावरूनच धरावा. तिसरी गोष्ट दर्जाच्या बेभरवशाची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच भावाने घेतलेल्या तीन टॉवेलांपैकी एक उत्तम, एक मध्यम आणि एक टाकाऊ निघतो, हे ज्या गावाच्या नावावर हा माल देशभर ओळखला जातो त्या गावाला शोभत नाही. रंग पक्का आहे की नाही हे कारखान्यातून निघतानाच तपासता येते. ग्राहकाने ते घरच्या बादलीत शोधावे, अशी वेळ त्याच्यावर येऊ नये.

सहाव्या दिवशी दुपारी घरी जायची परवानगी मिळाली. मी रिक्षाऐवजी शेजाऱ्यांच्या मोटारीतून गेले, पुढच्या आसनावर पाठ थोडी मागे टेकवून. पट्टा लावताना मोतिया टॉवेल घडी करून पट्टा आणि पोट यांच्यामध्ये ठेवला, आणि पट्ट्याचा खालचा भाग टाक्यांवर न येता मांड्यांच्या सांध्यापाशी राहील असा बसवला. सात रस्त्याकडून घरापर्यंतच्या वाटेत गतिरोधक किती आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजले, अकरा. प्रत्येकाच्या आधी शेजारी गाडी जवळजवळ थांबवत होते आणि मी दोन्ही तळवे टॉवेलावर दाबून धरत होते. चौथ्यानंतर मी दाबलेला श्वास सोडला.

मरून टॉवेल आता फरशी पुसायला आहे. मोतिया टॉवेल वर्षभर रोजच्या वापरात असून त्याचे काठ शाबूत आहेत, मधल्या भागातले फास थोडे चपटे झाले आहेत. मागच्या महिन्यात माझ्या भाचीच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा अक्कांच्या मुलाने दिलेले ते दोन टॉवेल मी पुन्हा एकदा धुऊन, गच्चीवर वाळवून तिच्या बॅगेत ठेवले, आणि चादर वेगळ्या पिशवीत घालून तिच्या आईच्या हातात दिली.